वेचणीनंतर वेळासला चला



यंदा वेचणी उरकली की आपण समुद्र पाहायला जाऊ. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. तिथं पूर्वी वाळूतली कासवाची अंडी चोरीला जात. मग राखण सुरू झाली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला शहरातली माणसं येतात, गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. मुक्कामाचा, ताटाचा दर गावातलीच माणसं सांगतात. आपण कापूस नेतो तेव्हा दर कोण सांगतो? तिथल्या मायबहिणींना हिशेब नीट विचारू. आपली कळण्याची भाकर-ठेचाही कुणी दाम देऊन खाईल.

अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात, बहुधा मार्च-एप्रिलात. नक्की दिवस कासवालाच ठाऊक, तेव्हा विचारून निघू. एक दिवस जास्तीचा ठेवा. वेसवीहून फेरीबोटीनं बागमांडला, तिथून हरिहरेश्वर जवळच.