मोगऱ्याची छाटणी

माघ सरता सरता दुपारचं ऊन चटका देऊ लागलं, की मोगऱ्याकडे वळावं. त्याच्या कळ्या येतात नव्या फुटीवर, म्हणून जुन्या फांद्यांची माया धरू नये. काही दिवस पाणी तोडा. पानं मलूल झाली, की धारदार कात्रीने वाळक्या, काटकुळ्या फांद्या बुडापासून काढा, उरलेल्या निम्म्यावर आणा आणि राहिलेली पानंही खुडून टाका. झाड बोडकं दिसेल, घरातली मंडळी हळहळतील; तिकडे खुशाल दुर्लक्ष करा.

मग माती हलक्या हाताने उकरून चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला, भरपूर पाणी द्या आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन पसरा. पुढे उन्हाळ्यात हेच आच्छादन ओल धरून ठेवतं.

कोवळ्या फुटीवर मावा आणि पिठ्या ढेकूण टपलेलेच असतात. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

आणि हो, सावलीतल्या गॅलरीतला मोगरा नुसता पानांनी माजतो. निदान पाच तास ऊन मिळेल, अशा जागी कुंडी हलवा.