चारात एक म्हणजे पाळी नव्हे

“बाई, पयल्याले झालं, आता पुढचे तिघं तं सुटले ना?”

हा प्रश्न मला एका आईनं विचारला, तेव्हा ती दुसऱ्यांदा गरोदर होती आणि पहिला मुलगा तिच्या पदराला लोंबकळत होता. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. औषध डॉक्टर लिहितात, रक्त तंत्रज्ञ तपासतात, मी फक्त समजावते. आणि त्या दिवशी मला कळलं, की मी समजावलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी याच आईला मी म्हटलं होतं, “चार मुलांमागं एकाला होतो.” तिनं ते मन लावून ऐकलं होतं. चारातला एक होऊन गेला, म्हणजे पाळी संपली. चूक तिच्या हिशेबाची नव्हती, माझ्या वाक्याची होती.

तेव्हापासून मी ‘चारात एक’ म्हणणं सोडलं आणि बटणं घेतली. शिंप्याकडून आणलेली सदऱ्याची चार बटणं, एकाच मापाची, दोन पांढरी, दोन काळी. एक वाटी आईची, एक बाबांची. दोघंही वाहक, म्हणून प्रत्येक वाटीत एक पांढरं, एक काळं. पांढरं म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचा ए, काळं म्हणजे सिकलचा एस. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक उचलायचं. दोन्ही पांढरी आली तर मूल निरोगी. एक पांढरं, एक काळं आलं तर मूल आईबाबांसारखंच वाहक. रिपोर्टवर एएस येतं, औषध लागत नाही. दोन्ही काळी आली तर एसएस, म्हणजे आजार. मग बटणं आपापल्या वाटीत परत टाकायची आणि पुन्हा उचलायची. खरी समजूत या परत टाकण्यात आहे. एकदा एका आजीच्या हाती लागोपाठ दोनदा काळी-काळी जोडी आली. आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजे दर खेपेले नवा डाव.” इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. आता मी आजीचंच वाक्य वापरते.

वाट्या दोन असतात, याचा आणखी एक उपयोग होतो. “आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं,” असं म्हणत सासू सुनेकडं बघते, तेव्हा मी बाबांची वाटी पुढं सरकवते. काळं बटण तिथूनही आल्याशिवाय एसएस मूल होतच नाही. आणि घराण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या असू शकतं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

आजारात रक्ताच्या पेशी कशा होतात हे मात्र आमच्या भागात फार समजवावं लागत नाही. 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. आमच्या धानपट्ट्यातली बाई त्यांचं चित्र बघून सरळ म्हणते, “हा तं इळा हाय.” विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून दुखतं. साधी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी पडतं आणि डोळे पिवळे दिसतात. घरचे त्याला कावीळ समजून झाडपाला देतात. नाही तर रक्त वाढावं म्हणून दुकानातून लोहाची बाटली आणतात. इथं लोहाची कमतरता आहे की नाही, हे तपासल्याशिवाय ती बाटली देऊ नये.

आता पाण्याबद्दल बोलते, कारण यावर कोणी बोलत नाही. एका मुलाला पहाटे-पहाटे पाय दुखून रडू यायचं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तो अंथरूण ओलं करायचा, म्हणून दिवेलागणीनंतर त्याचं पाणी बंद केलं होतं. वरून शिव्या आणि कधी धपाटाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. ती जास्त होते, रात्री सुटते. यात मुलाचा आळस नाही. आणि पाणी तोडलं की अंगातलं पाणी आटतं, पेशी आणखी विळ्यासारख्या होतात, दुखणं उठतं. घरच्यांनी सगळं मुलाच्या भल्यासाठीच केलं होतं. मी त्यांना मेणकापड आणायला सांगितलं आणि शाळेच्या गुरुजींना चिठ्ठी दिली: याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या, लघवीला सोडा.

दुसरी गोष्ट पोटाची. डाव्या बरगड्यांखाली पानथरी असते, म्हणजे प्लीहा. लहान मुलात कधी कधी तिच्यात एकाएकी रक्त साचतं. मूल पांढरंफटक पडतं, पोट फुगतं, आणि हातात फार वेळ नसतो. जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या दवाखान्यानं आयांनाच पानथरी चाचपायला शिकवलं आणि या कारणानं होणारे मृत्यू खूप घटले. आमच्याकडची एक आई मुलाला न्हाऊ घालताना रोज बरगडीखाली बोटं ठेवून मोजते. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणते, “दोन बोटं व्हती, आज तीन हाय.” ही बाई शाळेत गेलेली नाही. एवढी चांगली नोंद मी फार थोड्या कागदांवर पाहिली आहे.

औषधांचं थोडक्यात सांगते. फॉलिक अॅसिडची गोळी रोज. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिलं असेल तर दुखत नाही म्हणून ते बंद करायचं नाही. त्याच्यामुळंच दुखत नाहीये. मधूनमधून रक्त तपासून घ्यायचं. आणि ताप आला की घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

2016 च्या कायद्यानं सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आला. 2023 च्या जुलैमध्ये देशात याची मोहीम सुरू झाली, आदिवासी भागांत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. चांगलंच आहे. पण रिपोर्ट हातात आला म्हणजे कळला असं होत नाही. मी कितीतरी घरी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाच्या फोटोमागं, जपून ठेवलेला पाहिलाय. त्यात काय लिहिलंय ते घरात एकालाही ठाऊक नसतं. धाकट्या बहिणीची तपासणी राहिलेली असते. मामाचं लग्न ठरत असतं आणि त्याच्या रक्ताचं कोणी विचारत नाही.

माझ्या टेबलासमोर बहुतेक वेळा आईच असते. बाबा फाटकाबाहेर गाडीपाशी थांबतात, किंवा आलेलेच नसतात. बाबांची वाटी मलाच धरावी लागते. तेव्हा एवढंच सांगते, पुढच्या तारखेला बाळाच्या बाबांना आत घेऊन या, आणि पिशवीतला तो कागदही आणा.