नटवर्य निळूभाऊ फुले
(गावच्या सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नटाच्या चरित्रावर व्याख्यान ठेवले आहे असे समजताच गावातील काही वडीलधाऱ्या मंडळींनी नाके मुरडली. शाळामास्तराने पोरांना चार अक्षरे शिकवावीत, नाटक्या-तमाशगिरांच्या गोष्टी कशास सांगाव्यात, असा त्यांचा सवाल. त्यांस आमचे उत्तर असे की, सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला. परंतु त्याच्या १८ वर्षे आधी, म्हणजे १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी लिहिले ते नाटकच होते. 'तृतीय रत्न' हे त्याचे नाव. अडाणी कुणब्याच्या गरोदर बायकोस ग्रहदशेची भीती घालून जोशीबुवा त्या घरास कसा लुबाडतो, हे त्यात दाखविले आहे. आणि मध्येच विदूषक येऊन आतली गोष्ट उघडी करतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. पुढे सत्यशोधकी जलसेवाल्यांनी तमाशाचाच साज उचलला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच. पण नमन मात्र निर्मिकाला. तेव्हा फडावर उभे राहून लोकांस जागे करणे ही आमच्या घरचीच चाल आहे. ती कोणाकडून उसनी आणलेली नाही.

आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते निळकंठ कृष्णाजी फुले, सगळ्या महाराष्ट्राचे निळूभाऊ, १९३० साली पुण्यात जन्मले. आडनावावरून जोतीरावांच्या घराण्याशी त्यांचे नाते किती पिढ्यांचे, याची चर्चा पुष्कळ चालते. आम्हांस त्या वंशावळीचे फारसे कौतुक नाही. जन्मावरूनच माणसाची थोरवी ठरवावयाची तर मग भटजींचे काय चुकले होते? निळूभाऊंचे नाते जोडावयाचे तर त्यांच्या कामावरून जोडावे.

घरची गरिबी. सतराव्या वर्षी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून लागले. पगार ८० रुपये. त्यातले १० रुपये दरमहा राष्ट्र सेवा दलाला. उरलेल्यात संसार. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी त्यांची फार इच्छा होती, पण भांडवल कोठून आणावे? सेवा दलाच्या कलापथकात ते काम करू लागले, पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यात त्यांनी रोंग्याचे सोंग वठविले. सेवा दलाच्या मंडळींशी आमच्या चळवळीचे नेहमी जुळलेच असे नाही. तथापि एका माळ्याच्या हातची झारी खाली न ठेवविता त्यांनी त्यास रंगमंचावर उभे केले, याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

पुढे शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव गावोगाव नेले. शंकर पाटील हे कोल्हापूरकडचे, खेड्याची नाडी जाणणारे लेखक. त्यांच्याच लेखणीतून उतरलेल्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात १९६८ साली अनंत माने यांनी निळूभाऊंना झेलेअण्णाचे काम दिले. तेथून रुपेरी पडद्याने त्यांस सोडले नाही. १९७२ साली व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'तही ते होते.

परंतु पडद्याने त्यांस दिले काय? पांढरे धोतर, जाकीट, टोपी आणि परक्याच्या लेकीसुनांवर ठेवायची वाकडी नजर. एकदा एखाद्या वेषात माणूस शोभला की धंदेवाले तोच वेष त्याच्या अंगावर शिवून टाकतात. निळूभाऊंनी हा दुष्ट पाटील इतका हुबेहूब उभा केला की, बाया त्यांच्या नावाने बोटे मोडीत. त्यात त्यांचे कसब नेमके कशात होते? ते ओरडत नसत. खेड्यातला खरा सत्ताधीश आवाज चढवीत नाही. तो आवाज उतरवितो, आणि मग सारी चावडी कान देऊन ऐकते. शब्दांच्या मध्ये किती थांबावे, पापणी केव्हा पाडावी, ओठ किती मुडपावा, याचा त्यांचा हिशेब वाण्याच्या तागडीसारखा चोख होता. हल्ली पोरे मोबाईलवर त्यांचे चित्र लावून, बाईला वाड्यावर बोलाविण्याचे विनोद एकमेकांस धाडतात. आमच्या वर्गातल्या पोरांस निळू फुले म्हणजे तेवढेच ठाऊक. ज्याच्या भीतीने एकेकाळी घरोघरच्या बाया पदर सावरीत, तो पाटील आता हसण्यावारी गेला. पण अशा वाड्यावर ज्यांच्या आज्या-पणज्या खरोखरच बोलावल्या गेल्या असतील, त्यांच्या घरी हा विनोद कसा लागत असेल, याचा विचार पोरांनी करावा.

आता त्यांच्या नाटकाकडे वळू. विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ साली कमलाकर सारंग यांनी रंगमंचावर आणले. सखाराम जन्माने ब्राह्मण, धंद्याने पुस्तके बांधणारा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणतो, भाकरतुकडा देतो आणि त्या भाकरीच्या मोबदल्यात त्यांचे सर्वस्व घेतो. लालन सारंग यांनी चंपा उभी केली. संस्कृतिरक्षकांनी गिल्ला केला, सेन्सॉर मंडळ आडवे आले, प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि तेथे नाटकवाल्यांची सरशी झाली. टाकलेल्या बायकांचा प्रश्न जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या दारात घेतला होता. बालहत्या प्रतिबंधक गृह काढून त्यांनी त्या बायांस आसरा दिला, आणि त्याची किंमत मागितली नाही. सखारामाचा आसरा किंमत मागतो. आसऱ्याआसऱ्यातला हा फरक निळूभाऊंनी भाषण न करता नुसत्या अंगाने दाखविला, आणि तरीही तो माणूस निव्वळ राक्षस होऊ दिला नाही. शिवराळ, उघडा-वाघडा, पण खोटे सोवळे न मिरविणारा असा तो सखाराम होता. माळ्याच्या बागेतून आलेल्या नटाने जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाचे हे काम केले, आणि जातीचा प्रश्न प्रेक्षकांच्या मनातही आला नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 'सामना' हा चित्रपट. कथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात निळूभाऊ हिंदुराव धोंडे-पाटील आहेत, साखर कारखान्याचे धनी. डॉ. श्रीराम लागू हे एक दारूबाज, भणंग मास्तर आहेत. हा कोणी सरकारचा गुप्त माणूस असावा या शंकेने हिंदुराव त्यास घरी आणतो, न्हाऊमाखू घालतो, पाहुणचार करतो. आणि मास्तर सारखा एकच विचारत सुटतो: मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले?

हा चित्रपट आला तेव्हापासून आमच्यातील काही मंडळींचा आक्षेप आहे. लेखक ब्राह्मण, बहुजन समाज नुकता कोठे सत्तेवर आला, तोच त्याला बदनाम करण्याचा हा डाव, असे ते म्हणतात. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पाटील म्हटला की बाटली आणि बाई, एवढेच ज्या चित्रपटांनी वर्षानुवर्षे दाखविले, त्यांनी कष्टाळू कुणबी शेतकऱ्यावर अन्याय केला, हे आम्हीही म्हणतो. पण 'सामना' त्यातला नव्हे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी राहिला, आणि ऊसवाल्या शेतकऱ्याची मान सावकाराच्या हातातून सुटली. ती आमच्या समाजाची मोठी कमाई. परंतु पुढे त्याच कमाईवर ठिकठिकाणी नवे वाडे उठले. सावकाराची वही गेली आणि चेअरमनची चिठ्ठी आली. भटजीच्या पायाचे तीर्थ सोडून साहेबांच्या गाडीची धूळ कपाळी लावू लागलो, तर आपण काय कमावले? कांबळे हे आडनाव कोणत्या वस्तीवरचे, हे येथे कोणास सांगावयाची गरज नाही. त्याची चौकशी करावयास गावातला एकही शहाणा पुढे येत नाही, पुढे येतो तो एक दारुडा, हे लेखकाने रचलेले खोटे आहे काय? आपल्या गावाकडे पाहून ज्याने त्याने मनाशी उत्तर द्यावे.

आणि हिंदुराव वठविला कोणी? सत्यशोधकाच्याच आडनावाच्या, माळीकाम केलेल्या माणसाने. आपलेच दोष परक्याने दाखविले तर राग येतो. आपल्याने दाखविले तर लाज वाटते. निळूभाऊंनी आम्हांस लाज दिली. त्यांचा हिंदुराव प्रेमळ आहे, कर्तबगार आहे, पाहुण्याला जेवू घालणारा आहे. म्हणूनच त्याची भीती वाटते.

'सिंहासन' (१९७९) मध्ये तेच निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार झाले. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून घेतलेली ती मुंबईच्या राजकारणाची गोष्ट. येथे धोतर नाही, जरब नाही. झब्बा-पिशवीवाला एक मनुष्य सगळ्यांचे सारे पाहतो, आणि शेवटी वेड लागल्यासारखा हसत सुटतो. हिंदुराव आणि दिगू एकाच देहातून निघाले हे पाहिल्यावर, त्यांस नुसता खलनायक म्हणणाऱ्यांनी तोंड मिटावे. हिंदीत 'कुली' (१९८३), 'सारांश' (१९८४) वगैरे झाले. त्यात विशेष सांगण्यासारखे नाही. हिंदीवाल्यांस त्यांचा पुरता उपयोग करून घेता आला नाही, असे आमचे मत.

पडद्याबाहेरचा माणूस अगदी निराळा. पोशाख साधा, बोलणे मऊ, वाचन दांडगे. डॉ. लागूंबरोबर त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. पोटाची पर्वा न करता चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्यांस दरमहा काही मानधन मिळावे, एवढ्यासाठी तो निधी होता. ८० रुपयांतले १० काढून ठेवणारा माळी तेथेही दिसतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला त्यांचे पाठबळ होते. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अखेरच्या चित्रपटांपैकी एक 'गोष्ट छोटी डोंगराएवढी'. तो कर्जात बुडून जीव देणाऱ्या शेतकऱ्यांविषयी होता. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले.

आता 'सामना' दाखवावयाचा आहे. पडदा व यंत्र यांचा खर्च सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी सोसला आहे, त्याबद्दल मंडळ त्यांचे आभारी आहे. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेविली आहे. बाकीच्यांनी सतरंजीवर बसावे. आणि मागे भिंतीशी उभी असलेली वस्तीवरची मंडळी, तुम्हीही पुढे या. सतरंजी मोठी आहे, जागा पुष्कळ आहे.