मेणाच्या ठशापासून संगणकाच्या साच्यापर्यंत

(भोपाळ येथील व्याख्यान)



लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापला. इंग्रजी सैन्यातील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. विटा पाडणाऱ्या समाजातील एका वैद्याने मेणाचा पातळ पापुद्रा त्याच्या चेहऱ्यावर बसवून त्यास नाकाचा आकार दिला. तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ आखली आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळवली. शस्त्र चालविण्यापूर्वी रुग्णाच्याच देहावरून माप घ्यावे, हे त्या वैद्याचे सूत्र.

आज तेच सूत्र छातीच्या व्यंगांवर उपयोगी पडते. काही मुलांची उरोस्थी जन्मतः आत दबलेली असते. सुमारे तीनशे ते चारशे जन्मांमागे एकास हे व्यंग आढळते. मुलींपेक्षा मुलांत अधिक. वयात येताना खळगा खोलावतो आणि चारचौघांत सदरा काढण्यास मुलगा कचरतो.

यावर उपाय मुख्यत्वे दोन. डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये प्रथम योजिलेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत वाकवलेली धातूची पट्टी उरोस्थीखाली सरकवून हाड वर उचलतात. दोनतीन वर्षांनी पट्टी काढतात. हृदय व फुप्फुसे निर्वेध असून दुःख केवळ आकाराचे असेल, तर सिलिकोनचा भराव बसविता येतो.

या भरावासाठी पूर्वी छातीवर प्लास्टरचा ठसा घेत. त्यात त्वचा, चरबी व स्नायू यांची जाडी मिसळे. भराव आत नेमका बसत नसे. फ्रान्समधील तुलूज येथील शल्यचिकित्सकांनी पुढे सीटी स्कॅनचा आधार घेतला. संगणक छातीचे पातळ छेद एकावर एक रचून हाडे व कूर्चा यांचा पृष्ठभाग उभा करतो. त्यावर भरावाची आकृती बेतली जाते आणि तिच्यावरून भराव घडतो. रुग्ण भोपाळमध्ये राहिला तरी त्याच्या छातीचे माप दूरच्या कारागिराकडे क्षणात पोहोचू शकते.

मात्र साचा कितीही अचूक असो, भराव हाड उचलत नाही. हृदयावर दाब असता केवळ खळगा बुजविणे म्हणजे दुखणे झाकणे होय. म्हणून छातीची रुंदी व खोली यांचे गुणोत्तर मोजतात, ते ३.२५ च्या वर गेल्यास व्यंग तीव्र मानतात. त्याबरोबरच श्वासाची व हृदयाची तपासणीही व्हावी लागते. १९८४ ची वायुदुर्घटना सोसलेल्या या शहरास श्वासाचे मोल निराळे सांगावयास नको. शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी पालकांनी एवढे अवश्य विचारावे : ही शस्त्रक्रिया श्वासासाठी आहे की आकारासाठी? दोन्ही हेतू योग्यच. पण त्यांचे उपाय एक नव्हेत, आणि ती निवड संगणक करीत नाही.