सेन्सर बदलण्याआधी

धारणीहून परतवाड्याकडे निघालं, की हरिसाल, सेमाडोह, मग घाट. वाटेत जंगलाची सोबत भरपूर, गॅरेजची मात्र नाही. अशा रस्त्यावर समोरच्या पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर छातीत धस्स होतं. मागच्या सीटवर अमरावतीला न्यायचा पेशंट असेल तर अधिकच. हा दिवा अनेक कारणांनी लागतो. त्यातल्या एकाविषयी, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरविषयी, आज बोलू.

इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत स्पार्क प्लगसारखा दिसणारा एक तुकडा बसवलेला असतो. जळलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला, हे तो गाडीतल्या संगणकाला कळवतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग, हे योग्य प्रमाण. पेट्रोल जास्त झालं तर नेहमीचा झिर्कोनिया सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, हवा जास्त झाली तर ०.१ च्या. त्यावरून संगणक पेट्रोल कमीजास्त सोडतो. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांत प्रथम आला. शिशाने तो निकामी होतो. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं आणि मोटारसायकलींतही तो सर्रास दिसू लागला.

आता मुद्द्याचं. सेन्सर हा साक्षीदार आहे, आणि साक्ष आवडली नाही म्हणून साक्षीदार बदलायचा नसतो. सेन्सरच्या अलीकडे नळीला चीर असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर खरं तेच सांगतो, ‘ऑक्सिजन जास्त आहे’. एखादा प्लग नीट पेटत नसेल तरी तेच. स्कॅनरवर सेन्सरचा कोड दिसला, की आपण नवा भाग मागवतो. आमच्या तालुक्याच्या गावी सुटा भाग बाहेरून येतो; चुकीचा मागवला तर पैसाही गेला आणि आठवडाही. मी पाना हाती घेतला तो पन्नाशी उलटल्यावर. तेव्हा गॅरेजमधला पोरगा म्हणाला, “चाचा, आधी वायर पाहा ना. उंदरानं खाल्ली असन त नवा सेन्सर काय करन?” त्याचं ऐकावं. वायर, जोडणी, फ्यूज आणि नळीची गळती, एवढं आधी तपासावं.

सगळं ठीक निघालं आणि सेन्सरच गेला असेल, तर काम नवशिक्याच्या आवाक्यातलं आहे. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे बहुधा दोन सेन्सर असतात. कोणता गेला ते कोडवरून पक्कं करावं. इंजिन थंड होऊ द्यावं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, घोडी लावावी. आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून थांबावं, जोडणी सोडवावी, मग बहुधा २२ मिलिमीटरचा पाना लागतो. नवा सेन्सर आधी हातानेच फिरवावा. आटे वाकडे बसले तर नळीच बदलावी लागते. टोकाला तेल, ग्रीस, बोट काहीही लागू देऊ नये. शेवटचा आवळ पुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच द्यावा, आणि वायर तापत्या नळीपासून दूर बांधावी.

नंतर कोड पुसून गाडी चालवून पाहावी. दिवा पुन्हा लागला, तर आजार दुसराच आहे. नुसता दिवा विझवून देणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. पेट्रोल सतत जास्त जात राहिलं तर ॲव्हरेज घसरतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. त्याची किंमत सेन्सरहून कितीतरी जास्त.

आणखी एक. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये. जीव पहिला, शिवाय तापलेल्या सेन्सरवर थंड पाणी पडलं तर आतली चिनी माती तडकते. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. तो उघडझाप करू लागला किंवा तेलाचा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी बाजूला घ्यावी आणि पेशंटसाठी दुसरी गाडी थांबवावी. या रस्त्यावर हात दाखवला तर माणूस थांबतो.