डाळ कुणाच्या ताटात?

(श्रीपूर येथे गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जाचा, हप्त्याचा हिशोब आपण दर महिन्याला करतो. आज जरा ताटाचा हिशोब करू.

डाळ-भाकरीतली प्रथिनं पोटात गेली की तुटतात आणि त्यांचे बारीक मणी होतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. हे मणी वीस प्रकारचे. त्यांचीच माळ ओवून शरीर स्नायू, रक्त, केस, पोटातलं बाळ घडवतं. यातले नऊ प्रकार मोठ्या माणसाचं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. त्यातला एक जरी कमी पडला, तरी माळ अडते.

आपली ज्वारी गुणाची आहे, पण तिच्यात लायसिन नावाचा मणी कमी असतो. तूर, हरभरा, मटकी, हुलगा यांत तो भरपूर असतो. डाळीत मिथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणून पिठलं-भाकरीची जोडी इतकी जमते! शेंगाचटणीत प्रथिनं चांगली आहेत, पण लायसिन तिच्यातही कमीच. त्यामुळे नुसत्या चटणी-भाकरीवर भागत नाही. सोबत डाळ, ताक, दूध किंवा अंडं हवं. एकाच घासात नको, दिवसभरात मिळालं तरी चालतं.

आता महत्त्वाचं ऐका. गटात पैसे साठतात, तसं प्रथिनांचं बचत खातं शरीरात नाही. जास्त झालेल्या अमिनो आम्लांतला नत्र यकृत युरियात बदलतं आणि तो लघवीवाटे जातो. आपण उसाला टाकतो तोच हा युरिया! आणि खाण्यात कमी पडलं, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून काम भागवतं. म्हणजे सणाला एकदा भरपूर खाल्लं आणि महिनाभर चालवलं, असं होत नाही. रोजचं रोज लागतं.

पण आपल्याकडे बाई जेवते शेवटी. तोवर आमटीतली डाळ संपलेली, तळाला पाणी उरलेलं. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२ ग्रॅम. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. नुसत्या पाण्यावर हा हिशोब कसा बसायचा? ऊस तोडायला, खुरपायला जाणाऱ्या बाईनं तर कसा बसवायचा?

किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच खा.

एवढंच करा. आमटी वाढताना आपली आणि सुनेची वाटी आधी बाजूला काढा, तळापासून ढवळून. पुढच्या बैठकीत "काय केलं होतं?" असं मी विचारणार नाही. "तुमच्या ताटात काय आलं?" हे विचारीन. प्रत्येकीनं सांगायचं.