यात्रेची गर्दी आणि खोल्यांची नोंद

तापी आणि गोमाईच्या संगमावरचं आपलं प्रकाशा. गुरू सिंह राशीत आला की इथे दर 12 वर्षांनी गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. समजा, यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या खोल्या मोबाइलवरून राखून ठेवण्याची सोय करायची आहे. पर्वणीच्या आधी हजारो लोक एकदम वेबसाइट उघडतील; एरवी तिकडे फारसं कुणी फिरकणार नाही.

अशा कामाला सर्व्हरलेस पद्धत सोयीची. यात सर्व्हर क्लाउड कंपनी सांभाळते. मागणी आली की आपल्या प्रोग्रामची प्रत सुरू होते, मागण्या वाढल्या की प्रती वाढतात, काम नसलं की त्या बंद होतात. वापराएवढंच बिल. ॲमेझॉनने 2014 साली लॅम्डा ही सेवा आणली आणि ही पद्धत जगभर पसरली.

पण प्रती येतात-जातात, नोंद मात्र टिकली पाहिजे. त्यासाठी रिलेशनल डेटाबेस. आयबीएममधले एडगर कॉड यांनी 1970 साली ही कल्पना मांडली. एका तक्त्यात यात्रेकरू, दुसऱ्यात खोल्या, तिसऱ्यात कुणाला कुठली खोली कोणत्या तारखेला दिली ते. एका तारखेला एक खोली एकालाच, हा नियम डेटाबेसलाच घालून द्यायचा. मग दोघांनी एकाच क्षणी तीच खोली मागितली, तरी दुसऱ्याची नोंद होत नाही.

अडचण पुढे येते. प्रोग्रामची प्रत्येक प्रत डेटाबेसशी आपलं वेगळं कनेक्शन उघडते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळात 100 कनेक्शनची मर्यादा असते, कारण प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं. प्रती पाचशे झाल्या, तर उरलेल्यांना नकार मिळतो. मर्यादा नुसती वाढवत गेलो, तर डेटाबेसच दमतो.

म्हणून मध्ये कनेक्शन पूल ठेवायचा. पीजीबाउन्सर हे त्याचं एक मोफत साधन. गाभाऱ्यात थोडेच जण मावतात, म्हणून दर्शनबारी असते; तसंच हे. मोजकी कनेक्शन उघडी राहतात, एकाचा व्यवहार संपला की तेच कनेक्शन पुढच्याला मिळतं.

मात्र व्यवहार आटोपशीर हवा. यात्रेकरू पैसे भरेपर्यंत कनेक्शन अडवून ठेवू नये. खोली काही मिनिटांसाठी राखीव अशी नोंदवावी आणि कनेक्शन सोडावं. नेट तुटून तीच मागणी दुसऱ्यांदा आली, तर दोन नोंदी होऊ नयेत, म्हणून प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक द्यावा.

शहादा-नंदुरबारच्या कॉलेजातल्या मुलामुलींनो, असं काम हाती घ्याल तेव्हा आधी तक्ते आणि नियम कागदावर पक्के करा. मग खोटी गर्दी सोडून सगळं तपासून बघा. लेकराबाळांसह रात्री दारात आलेल्या माणसाला त्याची खोली मिळालीच पाहिजे. ही सगळी खटपट त्याच्यासाठी आहे.